एकशेवीस बाय ऐंशी

उसाच्या गाड्या सुरू झाल्या की मला ते दिवस नकोसे होतात. दिवाळी मागे पडते, आष्ट्याच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून कारखान्याकडे निघतात, रस्ताभर पाचट सांडते आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात येतो. बाकीच्यांना या दिवसांत गुऱ्हाळ आठवतं, गरम गूळ आठवतो. मला एक आकडा आठवतो आणि हातातला डबा खाली ठेवावासा वाटतो.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. आमची प्रॅक्टिकल परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. पांढरे गणवेश इस्त्री होतात, ट्रेमधल्या चिमट्यांची संख्या तपासली जाते, आणि वर्षभर एकमेकींच्या वह्या उतरवणाऱ्या मुली अचानक देवभोळ्या होतात. कुणी उपास धरते, कुणी रुमालाला अंगारा बांधून आणते. पूर्वी मला याचं हसू यायचं. गेल्या वर्षीपासून येत नाही.

तो आकडा म्हणजे एकशेवीस बाय ऐंशी. धडधाकट माणसाचं बीपी. पुस्तकात पहिल्याच धड्यात छापलेला असतो आणि तिथंच सगळा घोटाळा होतो. बीपी बघायचं म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, मग ती अगदी हळू सोडत कोपराच्या खोबणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं. ठोका कुठं सुरू झाला तो वरचा आकडा, कुठं बंद पडला तो खालचा. सुरुवातीला कुणालाच ऐकू येत नाही. मग जिला ऐकू येत नाही ती पुस्तकातला आकडा सांगून मोकळी होते. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मोठ्या वर्गातल्या मुली धाकट्यांना हे शहाणपण देतात, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. "नाही ऐकू आलं तर एकशेवीस बाय ऐंशी सांग गं. कुणी वळून बघत नाही."

खरंच कुणी वळून बघत नाही. मीसुद्धा बघत नव्हते.

मी शिकले साताऱ्याला. आमच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. वडील बांधकामावर बिगारी. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली माझं प्रवेशपत्र चिकटवलेलं. तिथं पाटणकर सिस्टर होत्या. बुटक्या, कडक, चालताना चपलेचा आवाज न होणाऱ्या. प्रॅक्टिकलला मी एका म्हाताऱ्या पेशंटचं बीपी घेतलं, काही ऐकू आलं नाही, आणि मी तोच आकडा सांगितला. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मग कानातली नळी काढून पुन्हा माझ्याच कानात घातली. मी ती उलटी घातली होती. कानात जाणारी टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली हवीत. माझी मागं वळली होती. त्या म्हणाल्या, "तुला मी नापास केलंय. तोंडावर सांगते, कागदावरून कळायला नको."

वडील एसटीनं आले होते निकालाला. मला वाटलं, हे भांडतील, म्हणतील आमच्याच पोरीला का. त्यांनी निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. सिस्टरच म्हणाल्या, "हिला महिनाभर रोज चारला माझ्याकडे पाठवा." महिनाभर मी आधी स्वतःच्या दंडावर, मग सिस्टरांच्या, मग वॉर्डातल्या जो देईल त्याच्या दंडावर ऐकत बसले. एक वाक्य त्या रोज म्हणायच्या. "ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही म्हण. ते उत्तर बरोबर असतं."

पण खोटं कशाला बोलू, त्या नापास होण्यानं माझ्या मनात कृतज्ञता नव्हे, अढी बसली. आमच्या पोरांना मार्क द्यायला यांचा हात आखडतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. स्वतः शिकवायला लागले तेव्हा ठरवूनच टाकलं, आपला हात मोकळा ठेवायचा. शेतातून येणाऱ्या, घरचं सगळं आवरून येणाऱ्या पोरी. त्यांना मी का अडवू? हे मला तेव्हा चांगुलपण वाटायचं. आज त्याच चांगुलपणाची भीती वाटते.

आमच्याकडे मार्कांची एक रीत आहे. बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येतात, आतली परीक्षक मी. मार्क आधी पेन्सिलीनं लिहायचे. मग जेवण. जेवणानंतर प्राचार्य बाई यादीवरून नजर फिरवतात, एखाद्या नावापाशी बोट थांबवतात, आणि मग खोडरबर निघतो. शाई शेवटी. बाहेरच्या बाई कुरकुर करत नाहीत, कारण पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कॉलेजात बाहेरची म्हणून जाणार असते. तुमच्या मुली त्या आमच्या मुली. नारळ, शाल, चहा, आणि सगळ्या पास. नंतर एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो, त्यावर सगळ्या मुलींचे गोल गोल फोटो. "निकाल पडला तर पुढच्या वर्षी मुली येणार नाहीत, मॅडम. मग तुम्ही-आम्ही शिकवायचं कुणाला?" प्राचार्य बाई हे धमकी म्हणून सांगत नाहीत. त्या खरोखरच काळजीत असतात.

अश्विनीचं नावही असंच बोटाखाली थांबलं होतं. तीन वर्षं झाली त्याला. फौजेतून रिटायर झालेल्या बापाची एकुलती एक लेक, ऊसवाल्यांच्या घरातली, अक्षर मोत्यासारखं. आठ लिहिताना ती दोन गोल एकावर एक ठेवायची, मणी ओवल्यासारखे. वही इतकी देखणी की मी ती पुढच्या वर्गाला दाखवायची. परीक्षेला आमची नेहमीची पेशंट होती, हौसाबाई. शेजारच्या मळ्यातली म्हातारी. दरवर्षी आमच्या पलंगावर येऊन झोपते, मुलींना हात देते, चहा-भाकरी खाऊन जाते. तिचं बीपी कायम चढलेलं, हे आख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं, अश्विनी सोडून.

अश्विनीनं पट्टा सुरेख बांधला. फुगा दाबला, हवा सोडली, मान वर करून म्हणाली, "एकशेवीस बाय ऐंशी, मॅडम."

हौसाबाई उशीवरूनच म्हणाली, "आगं पोरी, माजं कवाच येवढं कमी नसतंय. डाक्टर लय वरडतोय मला. नीट बग की."

बाहेरच्या बाई हसल्या. मी हसले. अश्विनीही हसली, पण तिच्या कानातल्या नळ्या मागं वळलेल्या होत्या आणि ते मला लख्ख दिसलं होतं. मी पेन्सिलीनं पन्नासपैकी एकवीस लिहिले. नापास. जेवणानंतर प्राचार्य बाईंचं बोट तिथं थांबलं. "हिची तर लेखी पहिली आहे. वडील फ्लेक्स लावणार म्हणतात." मी खोडलं. पास करायला पंचवीस पुरले असते. पण बाकीच्यांना चाळीसच्या वर दिले होते, हिलाच पंचवीस दिले तर डोळ्यात येईल, म्हणून बेचाळीस लिहिले. शाईनं.

आता माझ्या लेकीचं सांगते. शीतलचं सासर कोयनानगरच्या पुढं एका वाडीत. जावई तिथल्या शाळेत शिक्षक. घाट, धुकं, दिवसातून मोजक्या एसट्या. तिला दिवस गेले आणि तिथल्या उपकेंद्रात तिची तपासणी सुरू झाली. मी दर पंधरा दिवसांनी फोनवर विचारायची, "बीपी किती?" ती सांगायची, "एकशेवीस बाय ऐंशी." आणि मी, जी या आकड्याला आयुष्यभर ओळखते, फोन ठेवून निवांत भाकरी थापायला बसायची. माणूस आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की कसा आंधळा होतो, हे मी दुसऱ्या कुणाचं उदाहरण देऊन सांगायची गरज नाही. कराडला दोनदा सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनीही गर्दीत उपकेंद्राचं तपासणीचं कार्ड उघडलं, आकडा बरा दिसला, पुढचं पान उलटलं.

आठव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. दुपारची एसटी होती. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, त्यामुळं स्टँडपासून घरी यायलाच वेळ लागला. दारात तिनं चप्पल काढली आणि माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. जोडवी बोटांत रुतली होती.

"दमलेय गं आई. डोकं धरलंय सकाळपासून. घाट लागला असंल." तिनं पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "आणि ऐक की, आमच्या उपकेंद्रातली ताई तुझीच विद्यार्थिनी हाय. अश्विनी. लय गोड बोलती. मला म्हणाली, तुमच्या आईनं मला बेचाळीस मार्क दिले हुते."

मी कार्ड उघडलं. पाच तपासण्या. पाच ओळी. पाचही ठिकाणी एकशेवीस बाय ऐंशी, आणि प्रत्येक आठ म्हणजे दोन गोल, मणी ओवल्यासारखे.

मी कपाटातून बीपीचं यंत्र काढलं. शीतल हसत होती, "अगं, आत्ताच आलेय, चहा तरी दे." पट्टा बांधला, फुगा दाबला आणि हवा सोडली, तर मला काही कळेना, माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. पुन्हा घेतलं. एकशे छप्पन्नला ठोका सुरू झाला. एकशे चारला थांबला. तिसऱ्यांदा घेतलं. तेच.

"किती?" शीतलनं विचारलं. "डोळ्यांपुढं मधेच चमकल्यासारखं होतंय गं."

गरोदर बाईचं बीपी असं चढलं की झटके येऊ शकतात. बाई जाऊ शकते, मूल जाऊ शकतं, दोघंही जाऊ शकतात. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते, फळ्यावर एक-दोन-तीन करून. त्या क्षणी मला फळा आठवला नाही. मला खोडरबर आठवला.

सांगलीला नेईपर्यंतचा रस्ता मी विसरू शकत नाही. पुढं उसाचा ट्रेलर, मागं उसाचा ट्रेलर, ओव्हरटेकला जागा नाही. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यात तो कुणाला ऐकू जात नव्हता. शीतलचं डोकं माझ्या मांडीवर. मी तिच्या पापण्यांकडे बघत होते. त्या जरा जरी फडफडल्या तरी मला वाटायचं, आला झटका. अशा वेळी लोक देवाला बोलतात. मी पाटणकर सिस्टरांना बोलत होते. तुम्ही मला अडवलंत, मी हिला का नाही अडवलं?

डॉक्टरांनी दाखल करून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली. "दोन-चार दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं," म्हणाले. "आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी नर्सिंग शिकवते हे त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी अश्विनीला फोन लावला. झाप झाप झापायचं ठरवलं होतं. पण तिनं "मॅडम!" म्हणून इतक्या आनंदानं फोन उचलला की मला एकदम विचारताच येईना. शेवटी शीतलचं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मॅडम, मला कवाच ऐकू आलं न्हाई. सेलवर चालणारं मशीन हाय हितं, पण ते बंद पडलंय. हातातल्या यंत्रावर मला ठोका येतच न्हाई. कॉलेजातबी येत नव्हता."

"मग विचारलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला इचारू, मॅडम? बेचाळीस मार्क पडल्यावर कुणाला इचारायचं?"

तिला मी काय दिलं होतं ते मला त्या बाकावर कळलं. मार्क देऊन मी तिचं विचारायचं तोंडच बंद केलं होतं. नापास झाली असती तर पाटणकर सिस्टरांसारखं कुणीतरी तिला रोज चारला बोलावलं असतं. आता तिच्या हातात पहिल्या वर्गाचा कागद होता, फ्लेक्सवर फोटो होता, आणि खोऱ्यातल्या बायका तिच्यापुढं दंड उघडा करून विश्वासानं बसत होत्या.

"तुझ्या वहीत अशा किती बायका आहेत आत्ता?"

"चौतीस," ती म्हणाली. मग हळूच, "शीतलताई धरून."

तिला मी सांगलीला बोलावलं. शीतलला सोडून मला जाता येत नव्हतं. मिळाली त्या पहिल्या एसटीनं निघून ती दुपारी वॉर्डात आली, चेहरा उतरलेला, हातात तिची ती देखणी वही. शीतल तिच्यावर रागावेल असं मला वाटलं होतं. शीतलनं सलाईन नसलेला हात पुढं केला. "घे ताई. शीक माझ्यावर."

मी अश्विनीच्या कानातल्या नळ्या काढल्या, पुढं वळवल्या आणि परत घातल्या. फुगा तिच्याच हातात दिला. हवा सुटायला लागली. तिचा चेहरा कोरा, कोरा, आणि मग एकदम डोळे मोठे झाले.

"मॅडम, वाजतंय!"

"कितीला सुरू झालं?"

"एकशे अठ्ठेचाळीस." तिनं फुगा खाली ठेवला. "हे असंच वाजत हुतं का दर खेपंला?"

"हो."

ती वही उघडून नावांवरून बोट फिरवत राहिली. उरलेल्या तेहेतीसांपैकी कुणाच्या पायावर सूज होती, कुणी डोकं दुखतंय म्हटलं होतं, ते आठवत होती. चार वाजताच्या एसटीनं ती परत गेली. त्यानंतरचा आठवडा ती वाड्यावाड्या फिरली आणि दर संध्याकाळी मला फोनवर आकडे सांगत राहिली. एकशे दहा, एकशे चोवीस, एकशे अठरा, एकशे बासष्ट. असे वाकडेतिकडे आकडे ऐकताना मला धीर यायचा आणि भीतीही वाटायची. चौघींना तिनं स्वतः गाडीत घालून कराडला पोचवलं.

शीतलचं सिझर झालं. मुलगी. इतकी लहान की तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मी काचेला नाक लावून तिच्या छातीची उघडझाप मोजत बसले. आज ती माझ्या स्वयंपाकघरात रांगते आणि स्टेथोस्कोपची नळी चावते. शीतलही ठीक आहे. शेजारणी म्हणतात, सगळं निभावलं. मी मान हलवते.

पण एक प्रश्न मी अश्विनीला कधी विचारला नाही. ती तिथं येऊन त्या वेळी सव्वा वर्ष झालं होतं. या चौतीस तर आत्ताच्या. त्याआधीच्या बायकांचं काय झालं? मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आम्ही दोघी आठवड्यातून एकदा फोनवर बोलतो, हवापाण्याचं बोलतो, आणि त्या प्रश्नाला वळसा घालून फोन ठेवतो. आणि ती तरी एकटीच होती का? माझ्या हातानं शाईत गेलेल्या किती मुली आज कुठल्या कुठल्या गावांत दंडाला पट्टा बांधताहेत, याची यादी मी कधीकधी करायला घेते आणि अर्ध्यात सोडून देते.

परवा यंदाची परीक्षा झाली. व्हरांड्यात मळीचा वास, पलंगावर हौसाबाई, आता जरा जास्त थकलेली. बावीस मुली. सहाव्या नंबरच्या मुलीनं पट्टा बांधला, हवा सोडली आणि म्हणाली, "एकशेवीस बाय ऐंशी." हौसाबाईनं या खेपेला काही म्हटलं नाही. नुसतं माझ्याकडं बघितलं.

मी पेन्सिल उचललीच नाही. शाईनं एकवीस लिहिले. बाहेरच्या बाईंनी कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "पुढच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडे येणार आहात ना, मॅडम?" जेवताना कुणी माझ्याशी फारसं बोललं नाही. प्राचार्य बाईंनी कागद बघून तो उलटा ठेवला. "एकीनं काय होणार आहे?" त्या म्हणाल्या. बाकीच्या एकवीस जणींना मी नेहमीसारखेच चाळीसच्या वर दिले होते. त्यांनी एकशे साठ, एकशे सत्तर असे आकडे सांगितले होते. हौसाबाईचं बीपी चढलेलं असतं हे त्यांनी गच्चीवर ऐकून ठेवलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

त्या मुलीला मी व्हरांड्यात गाठलं. मला तोंडावर सांगितलं होतं, म्हणून मीही तोंडावर सांगितलं. ती रडली. मी म्हटलं, "उद्यापासून रोज चारला लॅबमध्ये ये. ऐकू आलं नाही तर ऐकू आलं नाही म्हणायचं. त्याला इथं कुणी हसणार नाही."

काल चारला मी यंत्र घेऊन लॅबपाशी गेले. ती मुलगी दारातच उभी होती, डोळे अजून सुजलेले. तिच्यामागं आणखी एक होती. तिच्यामागं दोघी. मी व्हरांड्याच्या टोकाला बघितलं. भिंतीला टेकून, गळ्यात स्टेथोस्कोप घालून, माना खाली घालून आख्खा वर्ग उभा होता. त्यांतली पहिल्या नंबरची, जिला मी सत्तेचाळीस दिले होते, पुढं आली.

"मॅडम," ती म्हणाली, "आमालाबी ऐकू येत न्हाई."

मी एकीलाच नापास केलं होतं. व्हरांड्यात बावीस जणी होत्या.